कळप आणि लांडगा



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. बाकीचे कारखान्याच्या फाटकावर आणि नगरवाचनालयात झाले. तेव्हा घोड्यांवर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच, की आम्हांला एक चूक कबूल करावयाची आहे.

लांडगा आला की रानघोडे रिंगण करतात, शिंगरे आत घेतात आणि लाथांनी त्याला पळवून लावतात, असे आम्ही वर्षानुवर्षे कामगारांना सांगत आलो. क्रपॉट्किन यांच्या १९०२ सालच्या ‘म्युच्युअल एड’ या ग्रंथात घोड्यांच्या एकजुटीची हकिगत आहे; तिला मीठमिरची आम्ही लावली. पुढे मंगोलियातील ताखी या रानघोड्याविषयी वाचले, तेव्हा चित्र निराळे दिसले.

१९६९ नंतर ताखी रानात दिसेनासा झाला. प्राणिसंग्रहालयांत तगलेल्यांचे वंशज १९९२ पासून मायभूमीत परत नेण्यात आले. उलानबातरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, हुस्ताई येथे आज त्यांचे कळप आहेत. एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे, असे एकेक कुटुंब. त्याच डोंगरांत लांडगेही आहेत. उन्हाळ्यात लांडग्याला मार्मोट हा बिळात राहणारा प्राणी सापडतो. हिवाळ्यात मार्मोट बिळात झोपून जातो आणि लांडग्याला दुसरे भक्ष्य शोधावे लागते.

घोड्याचीही तीच ओढाताण. गवत बर्फाखाली, ते खुराने उकरून खावयाचे आणि अंगच्या चरबीवर वसंतापर्यंत दिवस काढावयाचे. या दिवसांत ताखीची नाडी मंदावते, हालचाल कमी होते, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. अशा वेळी प्रत्येक सावलीला भिऊन धावणारा कळप धावण्यानेच खचेल.

म्हणून आधी एखादी घोडी मान वर करते, कान टवकारते, फुरफुरते. तिचे पाहून बाकीचे त्याच दिशेला पाहतात. कळप आवळतो, शिंगरू आईला बिलगते. लांडगा दुरून आपल्या वाटेने जात असेल, तर त्याच्यावर नजर ठेवून चरणे पुन्हा सुरू होते. तो जवळ आला तर नर मान खाली घालून मध्ये पडतो, घोड्या लाथा झाडतात. आणि निभत नसेल तर सारे एकत्र पळतात. रेखीव रिंगण ही उत्तर ध्रुवाकडील कस्तुरी बैलांची रीत. घोड्याचा पहिला आधार म्हणजे त्याचे पाय. एवढे करूनही काही शिंगरे लांडग्याच्या तोंडी जातातच.

हे वाचताना आम्हांला आमचा एक लढा आठवला. टाळेबंदी होणार या अफवेवरून आम्ही तीनदा माणसे फाटकावर बोलाविली. तिन्ही वेळा त्यांची रोजी बुडाली. चौथ्यांदा खरोखरच टाळे लागले, तेव्हा निम्मीच आली. आम्ही त्यांना भित्री म्हटले. ती भित्री नव्हती. त्यांच्या घरचा हिवाळा आम्ही मोजला नव्हता.

घोड्यांची युनियन नसते, हे आम्ही जाणतो. पण हाक देणाऱ्याने आधी नीट पाहावे, एवढे त्या घोडीकडून शिकता येते. फाटकावरच्या भाषणातून ते रिंगण आम्ही काढून टाकले आहे. आता आम्ही त्या घोडीची गोष्ट सांगतो.