कडुनिंबाची काडी आणि किडलेली दाढ

शिक्षक बंधुभगिनींनो,

‘आम्ही रोज कडुनिंबाच्या काडीने दात घासतो, मग दाढ का किडली?’ असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारतो. त्याला शास्त्रास धरून उत्तर देता यावे, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

दातात अळी शिरते व ती रिंगणीच्या बियांच्या धुरीने बाहेर पडते, ही समजूत खरी नव्हे. १६८३ साली हॉलंडमधील लेव्हेनहूक यांनी दातांवरचे किटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील हलणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन लिहून ठेवले. पुढे १९२४ साली क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जंतू वेगळा काढला. गोड पदार्थांचे कण मिळताच असे जंतू आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचे कठीण कवच विरघळते व खड्डा पडतो.

कडुनिंब, बाभूळ, लवंग यांचे अर्क काचेच्या बशीत वाढविलेल्या जंतूंवर घातल्यास त्यांची वाढ रोखली जाते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. परंतु बशी वेगळी आणि मुख वेगळे. मुखात जंतू चिकट थराच्या आश्रयाने राहतात आणि लाळ अर्क धुऊन नेते. म्हणून तो थर नित्य घासून काढणे, हाच मुख्य उपाय होय. काडीचा लाभ केवळ तिच्या रसात नाही. चावून केलेल्या कुंचल्याने घासण्यातही आहे. काडी वापरणाऱ्या घरास नावे ठेवू नयेत. मात्र फ्लोराइडयुक्त पेस्टने कवचास जे बळ मिळते, ते काडीने मिळत नाही, हे समजावून सांगावे.

लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य दंतवैद्यही वापरतात. लवंगेने ठणका थांबतो, पण खड्डा बुजत नाही. ठणका थांबला की उपचार लांबतो आणि कीड आत उतरत जाते. मशेरी तर औषध नव्हेच. ती भाजलेली तंबाखू आहे. तिने व्यसन जडते आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

बंधुभगिनींनो, सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून पालक निर्धास्त राहतात. ती गेली की पुन्हा येत नाही. नेमके त्याच वेळी ते मूल आपल्या पहिलीच्या वर्गात बसलेले असते.

यास्तव महिन्यातून एकदा लहान मुलांचे दात उजेडात पाहावेत. काळा डाग किंवा खड्डा दिसल्यास नोंद करून पालकांस निरोप द्यावा आणि शाळेत तपासणीस येणाऱ्या आरोग्य पथकास ते मूल अवश्य दाखवावे. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी दात घासण्याची सवय मुलांस लावावी.

या कामी आपण सर्वांनी मनापासून लक्ष घालावे, ही विनंती.