घामाचे मोल आणि कायद्याची मुदत



'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण वैद्याइतकीच गवंड्यालाही लागू पडते. भिंत उभी राहीपर्यंत मालक दिवसातून दोनदा चौकशी करतो. वास्तुशांत झाली की हिशेबाचा दिवस पुढे पुढे सरकू लागतो. बिदर जिल्ह्यातील कोहिनूरसारख्या सीमाभागातल्या गावांतून सोलापूर, पुणे, हैदराबादकडे कामे घेऊन जाणाऱ्या लहान गुत्तेदारास हा अनुभव नवा नाही. 'आपल्याजवळ लेखी करार कोठे आहे? आता कायदा काय करणार?' असे म्हणून तो कपाळावर हात मारून घेतो. ही निराशा अनाठायी आहे, हेच मला आज सांगावयाचे आहे.

तोंडी करार हाही करारच होय. तो शाबीत करणे मात्र कठीण जाते. करार मुळातच सदोष ठरला, तरी 1872 च्या करार कायद्याचे 70 वे कलम पाठीशी उभे राहते. फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी रीतसर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला दिलाच पाहिजे, असे हे कलम सांगते. स्वातंत्र्यापूर्वी बंगालमधील आरामबाग येथे बी. के. मंडल अँड सन्स या गुत्तेदारांनी सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून गुदामे व इतर बांधकामे करून दिली. करार विधियुक्त नव्हता, या सबबीवर सरकारने पैसे नाकारले. 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने गुत्तेदारांच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर हे आपल्या साताऱ्याचे. काम नको असेल तर ते नाकारण्याची मुभा असते. परंतु ते स्वीकारून वापरावयाचे आणि मोबदला मात्र द्यावयाचा नाही, हे चालणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

मात्र हक्क आहे म्हणून स्वस्थ बसून चालत नाही. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे काम पुरे झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. 'दिवाळीनंतर देतो' हे आश्वासन दहा वेळा मिळाले, तरी मुदत एका दिवसानेही वाढत नाही. उलट, मुदत संपण्यापूर्वी मालकाने देणे मान्य असल्याच्या कागदावर सही केली, तर त्या सहीच्या तारखेपासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. भिडेपोटी न मागितलेली ही एक सही पुढे फार महाग पडते.

मालकाने दिलेला चेक खात्यात शिल्लक नसल्यामुळे परत आला, तर बँकेकडून तसे कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस पोचल्यावर 15 दिवसांत पैसे न मिळाल्यास त्यापुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते.

दावा जेथे काम झाले किंवा जेथे मालक राहतो, तेथील न्यायालयात लावता येतो. परगावच्या खेपा परवडत नसतील, तर आधी विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोडीचा यत्न करावा. तेथे उभयपक्षी झालेल्या समझोत्यास दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नसते.

आणखी एक गोष्ट. आपले बिल अडले, ही सबब गुत्तेदारास आपल्या मजुरांपुढे सांगता येत नाही. मजुरी वेळेवर देण्याचे बंधन त्याच्यावर आहेच. जो न्याय आपण मालकाकडे मागतो, तो आपल्या हाताखालच्या माणसास आधी द्यावा.

म्हणून गिलावा चढण्यापूर्वी मोजमाप घ्यावे, ते वहीत तारखेनिशी लिहावे, उचल किती व बाकी किती ते मांडावे आणि त्याखाली मालकाची सही घ्यावी. भिंत ओळंब्यात धरणाऱ्या माणसाने हिशेबही ओळंब्यात धरावा. तो धरला, तर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ बहुधा येणारच नाही.