शाळेच्या पंगतीत सारी लेकरं



शंभर वर्षं आपली दिंडी चालते आहे. वाटेवरच्या कित्येक गावांत मुक्कामाला जिल्हा परिषदेची शाळाच उघडून मिळते. तिच्या पडवीत आमच्या पथाऱ्या पडतात. आज बोलायचं आहे ते तिथं शिकणाऱ्या लेकरांविषयी.

एकाच वर्गात कुणब्याचं, पारध्याचं, मुसलमानाचं, वीटभट्टीवर परप्रांतातून आलेल्याचं पोर बसतं. चित्रावर बोट ठेवून बाई विचारतात, "ही कोण?" सगळी ओरडतात, "आई!" तांड्यावरचं पोर म्हणतं, "याडी." तिथं 'चूक' म्हटलं, की ते दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीला जाऊन बसतं, पुढं शाळेतच येत नाही. 'याडी म्हणजे आई' असं फळ्यावर लिहिलं, तर तेच पोर मराठीही आनंदानं शिकतं. आपली पोरं गोरमाटीतला एक शब्द घेऊन घरी येतात, हा त्यांचा नफा. मराठी कमी शिकवा असं आम्ही म्हणत नाही. होईल तितकं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

काही गावकरी म्हणतात, "असली पोरं आली, म्हणून आम्ही आमची काढली." हे आम्हांला पटत नाही. वारीत पाया पडताना समोरच्याचा मुलूख कोण विचारतो? आपले नामदेवराय पंजाबात गेले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपलेच. शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकत्र बसवायचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. त्या काळी हे सोपं होतं होय? आता तर नुसतं शेजारी बसवायचं आहे.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात, आई-बापांबरोबर लेकरंही फडावर जातात आणि शाळा सुटते. काही गावांत अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं. तिथल्या भजनी मंडळाला आमची विनंती आहे : संध्याकाळी तासभर जाऊन बसा. एक गोष्ट आपण मराठीत सांगा, एक पोरांकडून त्यांच्या बोलीत ऐका. येत्या वारीत मुक्कामाच्या गावी आम्ही हेच विचारणार आहोत, कोण कोण जातं म्हणून.

रामकृष्ण हरी.