नोकरी, मत आणि मर्यादा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी मला विषय दिला तो 'नोकरवर्ग आणि मतस्वातंत्र्य' असा. आपल्या ज्ञातीत व्यापारी थोडे, जमीनदार त्याहून थोडे. बहुसंख्य घरांतील चूल मासिक पगारावर पेटते. कोणी मंत्रालयात आहे, कोणी बँकेत, कोणी शाळेत. नवी पिढी हिंजवडीच्या कंपन्यांत. त्यामुळे हा विषय आपल्यापुरता तरी केवळ वक्तृत्वसभेचा नव्हे.

प्रश्न जुनाच आहे. गोपाळराव हरि देशमुख सरकारी नोकरीत होते आणि 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात समाजाच्या दोषांवर आसूड ओढीत होते. पण पत्रांखाली सही असे ती 'लोकहितवादी' अशी. न्यायमूर्ती रानडे यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात विपुल लेखन केले, त्यातील पुष्कळसे निनावी. तरीही सरकारचा संशय चुकला नाही. 1878 साली त्यांची पुण्याहून नाशिकास व पुढील वर्षी धुळ्यास बदली झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक असतानाच 1874 पासून 'निबंधमाला' काढीत होते. त्यांचीही रत्नागिरीस बदली झाली. त्यांनी 1879 मध्ये नोकरीचाच त्याग केला आणि 1880 च्या प्रारंभी न्यू इंग्लिश स्कूल उघडले. तिघेही विद्वान, तिघेही सरकारचे पगारदार, परंतु वाटा निरनिराळ्या. यांपैकी कोणती श्रेष्ठ, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या घरात खाणारी तोंडे आहेत त्याचा आहे. व्यासपीठावरील वक्त्याचा नव्हे.

आज टोपणनावाचा आडोसा फारसा उरलेला नाही. भ्रमणध्वनीवर लिहिलेला मजकूर क्रमांकासह टिकतो, त्याचे छायाचित्र निघते आणि ते कोठवर जाईल याचा नेम नसतो. गतवर्षी एक गृहस्थ आपल्या चिरंजीवांस आलेली 'कारणे दाखवा' नोटीस घेऊन माझ्याकडे आले. मुलाने आप्तेष्टांच्या व्हॉट्सॲप गटात दोन वाक्ये लिहिली होती: आमचा व्यवस्थापक अगदीच निर्बुद्ध आहे, आणि आमचे एक मोठे गिऱ्हाईक पुढील महिन्यात करार मोडणार आहे. ती दोन वाक्ये चार दिवसांत कचेरीत पोहोचली. पाठविणारा वैरी नव्हता; घरचाच माणूस होता आणि कौतुकाने पुढे पाठविले, असे त्याचे म्हणणे. वडिलांचा सारा रोष पहिल्या वाक्यावर. मी त्यांना दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवून दाखविले. पहिले फार तर असभ्य मत होय. दुसरे हे मतच नव्हे, ती धन्याच्या तिजोरीतील वस्तू आहे. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीची, भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती बाहेर सांगण्यास तर सेबीच्या 2015 च्या नियमांनीही मनाई आहे. हा भेद तरुणांच्या ध्यानी येत नाही आणि वडीलधाऱ्यांच्याही येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आपल्या मंडळाचा गट म्हणजे घरची ओसरी, हा समजही सोडलेला बरा. जेथे दोनशे माणसे वाचतात ती ओसरी नव्हे, चव्हाटा होय.

आता कायद्याविषयी थोडे. नोकरी पत्करली म्हणून नागरिकाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितले. त्याच निकालात संपाचा मूलभूत हक्क मात्र मानला नाही. केंद्र सरकारच्या 1964 च्या आणि महाराष्ट्राच्या 1979 च्या वर्तणूक नियमांत शासनावरील टीकेस प्रतिबंध आहे. जुलै 2025 मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र परिपत्रक काढले. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको, गोपनीय कागद पुढे पाठवू नयेत, खासगी व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, अशा त्यात सूचना आहेत, आणि त्या कंत्राटी नोकरांनाही लागू आहेत. गोपनीयतेचा भाग सर्वस्वी रास्त आहे. परंतु शिक्षकाने शिक्षणधोरणावर अवाक्षर काढू नये, हे मला तरी पटत नाही. त्या धोरणाचे गुणदोष त्याच्याइतके जवळून कोण पाहतो? त्रिपुरा उच्च न्यायालयानेही जानेवारी 2020 मध्ये, नियमांच्या मर्यादेत राहून राजकीय मत बाळगण्याचा व मांडण्याचा हक्क सरकारी नोकरास आहे, असा निर्णय दिला. खासगी नोकरीत प्रामुख्याने नियुक्तिपत्रातील अटी पाहिल्या जातात, आणि त्या कोणी वाचीत नाही.

अन्नदात्याशी इमान राखावे, हे आपल्याकडे बाळपणापासून शिकविले जाते. ते योग्यच आहे. पण धन्याच्या घरात चोरी होत असता मौन धरणे हे इमान नव्हे. सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयास कळविला आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. नोव्हेंबर 2003 मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतर 2004 साली केंद्र सरकारने ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे, नाव गुप्त राखून, देण्याची सोय केली. ती केंद्र सरकारच्या खात्यांपुरती व त्याच्या महामंडळांपुरती आहे. आपल्या ज्या मुलामुलींच्या टेबलावरून अशी खोटी बिले जात असतील, त्यांनी फेसबुकवर हळहळ न करता आधी हा मार्ग पाहावा. आणि त्यांच्या वडिलांनी 'तुला काय करायचे आहे' असे म्हणून त्यांना गप्प बसवू नये. असे म्हणणे सोपे आहे आणि निभावणे कठीण, याची मला जाणीव आहे. म्हणूनच अशा मुलामागे मंडळाने उभे राहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्या चिरंजीवांचे पुढे काय झाले, असे काहीजण विचारतील. त्याने गिऱ्हाईकाच्या उल्लेखाबद्दल लेखी क्षमा मागितली, व्यवस्थापकाविषयीच्या शब्दांबद्दल खेद कळविला, आणि ताकीद मिळून नोकरी वाचली. कार्यकारी मंडळास मी एक सूचना लेखी दिली आहे: ज्ञातीतील दोन वकील महिन्यातून एक रविवार सकाळी सभागृहात बसतील. ज्यांना नवी नोकरी लागली असेल त्यांनी नियुक्तिपत्राची प्रत घेऊन यावे, सही करण्यापूर्वी आल्यास अधिक बरे.