सभेतील तीन छल



बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत डोईफोडिया नावाचे गाव आहे. हे नाव प्रथमच कानी पडणारा मराठी माणूस दचकून विचारील की, तेथील लोक एकमेकांच्या डोया फोडतात की काय! गावाच्या नावावरून गावकऱ्यांचा स्वभाव ठरविणे हास्यास्पद आहे, हे सांगावयास नकोच. परंतु सभेत, पत्रकात आणि पारावर याहून थोड्याशाच अधिक सफाईने केलेली अनुमाने आपण रोज मुकाट्याने स्वीकारीत असतो. ती ओळखावी कशी, याचा आज विचार करू.

आपल्या नैयायिकांनी हा विचार फार पूर्वी केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. वाद सोडून माणूस जल्पाकडे वळला की त्याच्या हाती येणारे एक शस्त्र म्हणजे छल. बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवावयाचा आणि त्या अर्थाचे खंडन करून तो हरला असे दाखवावयाचे, हे छलाचे स्वरूप. त्याचे भेद तीन.

पहिला वाक्छल. भाष्यकार वात्स्यायनाचे उदाहरण असे: मुलाजवळ 'नव' कांबळे आहे असे कोणी म्हणावे, आणि ऐकणाऱ्याने "याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत?" असे विचारावे. दोन भाषा जेथे एकत्र नांदतात तेथे तर या छलाला आयते कुरण मिळते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'आपत्ति' म्हणजे हरकतही होते, मराठीत केवळ संकट. हिंदी कोर्टकचेरीत 'राजीनामा' म्हणजे तडजोड, मराठीत पदत्याग. समजा, एखाद्या सरपंचाने बांधाच्या भांडणात राजीनामा घडवून आणला आणि विरोधकांनी "सरपंचाचा राजीनामा!" अशी आवई उठविली. शब्द खरा, पण बातमी खोटी. अशा वेळी एकच प्रश्न विचारावा: हा शब्द बोलणाऱ्याने कोणत्या अर्थाने वापरला?

दुसरा सामान्यछल. 'या शेतात भात येतो' असे म्हणणारा शेताची प्रशंसा करतो. बियाण्यावाचून भात उगवतो असे तो म्हणत नाही. हा दाखलाही वात्स्यायनाचाच. आता सभेत कोणी म्हणाले, "शिकलेला माणूस पंचायतीचा हिशेब नीट ठेवू शकतो." त्यावर दुसरा उठून म्हणतो, "अमका शिकलेला होता, तरी हिशेब बुडालाच. तेव्हा शिक्षण व्यर्थ!" जे संभवते असे म्हटले होते, त्याला 'नेहमी घडते' असे रूप देऊन मग ते पाडले.

तिसरा उपचारछल. 'मचाण ओरडते' म्हणजे मचाणावरचा राखणदार ओरडतो, हे लहान मूलही जाणते. पण ग्रामसभेत एखादी बाई उठून म्हणाली, "वरची वस्ती तहानलेली आहे," आणि पुढे बसलेल्या एखाद्या चतुराने विचारले, "बाई, वस्तीला कधी तहान लागते काय?" तर सभा खदखदून हसते, बाई ओशाळून खाली बसते आणि पाण्याचा प्रश्न त्या हशात बुडून जातो. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. परंतु तेथे उठून बोलण्याचे धैर्य कायद्याने येत नाही, आणि एका छलाने ते कायमचे जाऊ शकते. छल हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे, तो येथे.

मोठ्या प्रश्नांतही हेच घडते. १९५३ च्या अखेरीस नेमलेल्या राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि सीमा आखताना सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. बुऱ्हाणपूर मात्र निमाड जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिले. जिल्हा घटक धरणे कारभाराच्या सोयीचे, असे कोणी म्हटल्यास त्यावर वाद करता येईल. परंतु 'जिल्हा हिंदी, म्हणून त्यातील प्रत्येक गाव हिंदी' हे अनुमान फसवे आहे. आणि 'हे गाव मराठी, म्हणून सारा तालुका मराठी' हेही तितकेच फसवे. पहिल्यात समूहाचा गुण घटकावर लादला जातो, दुसऱ्यात घटकाचा समूहावर. शितावरून भाताची परीक्षा होते ती सारा भात एकाच भांड्यात शिजतो म्हणून. माणसांची वस्ती तशी शिजत नाही.

शेवटी एक सावधगिरी. दुसऱ्याच्या बोलण्यात दोष सापडला, म्हणजे त्याचे म्हणणेच खोटे ठरले असे मानू नये. त्या बाईच्या शब्दांवर कोणी कितीही कोटी केली तरी वरच्या वस्तीचे हंडे रिकामे ते रिकामेच. म्हणून प्रतिपक्षाचे बोलणे त्याला अभिप्रेत असलेल्या अर्थानेच घ्यावे, त्याने ते नीट मांडले नसेल तर आपण ते नीट मांडून द्यावे, आणि मग खुशाल विरोध करावा. सभेत हशा पिकला की क्षणभर थांबून, आता नेमके कोणाचे म्हणणे ऐकावयाचे राहून गेले, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. जल्पाचा पुन्हा वाद होण्यास तेवढे पुरेसे आहे.