बाळाचे कान आणि परकी भाषा

‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक आपल्या कानांना सहज कळतो. इंग्रजीभाषक प्रौढांना मात्र तो पकडणं फार जड जातं. पण त्यांच्याच घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो कळतो! कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी १९८४ मध्ये हिंदीतले त-ट सारखे ध्वनी बाळांना ऐकवून हे दाखवलं. वर्षाची होईतो ही क्षमता ओसरते, कारण कान घरच्या भाषेत मुरू लागतात.

मग याच वयात परकी भाषा ऐकवली तर? २००३ मध्ये संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. समोर बसून, खेळवत, पुस्तकं दाखवत बोलणाऱ्या माणसांकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच बोलणं ज्या बाळांना पडद्यावर दाखवलं, ती मात्र काहीच शिकली नाहीत. म्हणून बाळासमोर मोबाइल ठेवण्यापेक्षा आजीनं त्याच्याशी गप्पा माराव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आणि मोठेपणी मराठी शिकणाऱ्यांनो, उच्चार अडला तरी खचू नका. तो सरावानं सुधारतो. शब्द आणि व्याकरण तर मोठी माणसं सुरुवातीला लहान मुलांपेक्षा भराभर शिकतात.