परसदारीचा गादीवाफा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'काही उपयुक्त' बोलावयास सांगितले आहे. छत्तीस वर्षे हाती खडू धरलेल्या मनुष्यास उपयुक्त असे फार थोडे येते. तथापि गेल्या दोन वर्षांत आम्ही रत्नागिरीकडील आमच्या घराच्या परसात एक गादीवाफा बांधला, बिघडविला आणि पुन्हा बांधला. तेवढेच निवेदन करतो.

कारण घरगुती होते. आमच्या सौभाग्यवतींनी चाळीस वर्षे परसातील भाजी काढली. तीन वर्षांमागे त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, वाकणे बंद झाले, आणि त्या पडवीत बसून सुकलेल्या परसाकडे पाहू लागल्या. बोलत काही नसत. तेच आम्हांस अधिक लागे. तेव्हा जमीनच त्यांच्यापर्यंत उचलून आणावी, असे आम्ही ठरविले.

स्टुलावर बसून हात पोहोचावा म्हणून उंची २ फूट घेतली. एकाच बाजूने काम करावयाचे म्हणून रुंदीही २ फूट. लांबी ८ फूट. जांभ्या दगडाचे चिरे आणले. सांधे सिमेंटने भरू का, असे गवंड्याने विचारताच आम्ही होकार दिला. (वर्गात निचऱ्याचा धडा आम्हीच शिकवीत असू!) आत काठोकाठ लाल माती भरली. आमच्याकडचा आषाढ आपणांस ठाऊक आहेच. वाफ्याचे डबके झाले, मिरचीची रोपे मुळाशी कुजली, आणि आश्विनात ऊन पडताच तीच माती विटेसारखी आवळली. सौ. म्हणाल्या, "तुम्ही हौद बांधलात."

मग सारे उपसले. खालची जमीन कुदळीने मोकळी केली आणि चिरे सिमेंटवाचून, सांधे किंचित् उघडे ठेवून रचले. तळाशी वीतभर नारळाची सोडणे घातली. त्यांवर आंब्या-फणसाचा पाला व भाताचा पेंढा यांचे थर, आणि प्रत्येक थरावर शेणकाला. हा काला टाळू नये. नुसता सुका पाला कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो व रोपे पिवळी पडतात. सर आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे होते. त्यांची 'इंदूर पद्धत' म्हणजे पालापाचोळा, शेण व माती यांचे असेच थर. सर्वांत वर वीतभर भरण : दोन भाग माती, एक भाग शेणखत, थोडी नदीची वाळू. शेणखत मात्र पुरते मुरलेले असावे. कच्च्या शेणाबरोबर हुमणी येते आणि ती मुळे खाते.

पावसाळ्याअखेर भरण चार बोटे खचले, तेव्हा आम्ही पुन्हा घाबरलो. पण आतील पाला कुजला की असे व्हावयाचेच. दर वैशाखात वरून भर घालावी, म्हणजे झाले.

गेल्या कार्तिकात सौ.नी त्यात लाल माठ पेरला. सत्ताविसाव्या दिवशी स्टुलावर बसून त्यांनी पहिली जुडी काढली. आम्ही मदतीस गेलो, तो "तुम्ही तण म्हणून मुळाच उपटाल," असे म्हणून त्यांनी आम्हांस विहिरीवर पाणी आणावयास पाठविले.